शिदोरीचं ओझं



अग्निबाण आणि अंतराळप्रवास या विषयावर बोलायला एका कवीला का बोलावलं, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मलाही पडला होता. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. शाळा सुटल्यावर गणिताशी माझा संबंध उरला तो वाण्याच्या बिलापुरता. पण चंद्र-ताऱ्यांशी आम्हा कवींचा व्यवहार फार जुना आहे. आम्ही प्रेयसीसाठी चंद्र खाली आणतो, विरहात ताऱ्यांपर्यंत जाऊन येतो, आणि या प्रवासाला आम्हाला इंधनाचा एक थेंबही लागत नाही. ज्यांना तो लागतो, त्यांचा हिशेब काय असतो, हे एकदा समजून घ्यावं असं मला वाटलं. वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की या सगळ्या विषयाच्या मुळाशी एकच गणित आहे. ते समजायला फार शिकलेलं असावं लागत नाही. लांबच्या गावाला जाताना ज्याने शिदोरी बांधून घेतली आहे, त्या कुणालाही ते समजेल.

ते समजून घ्यायला आणखी एक कारण आहे. कार्यक्रमांच्या निमित्ताने कॉलेजातली मुलं भेटतात. पाण्याचा, उन्हाळ्याचा, पर्यावरणाचा विषय निघाला की त्यांतला एखादा सहज म्हणून जातो, "सर, पृथ्वी बिघडली तर बिघडली. तोवर मंगळावर जायची सोय होईलच की!" तो चेष्टा करत नसतो. त्याने चित्रपट पाहिलेले असतात, मोठमोठ्या उद्योगपतींच्या घोषणा ऐकलेल्या असतात. त्याच्या या भरवशाला आधार किती, हे आज आपण तपासून पाहू.

सुरुवात दिवाळीतल्या बाणापासून करू. बाटलीत उभा केलेला बाण वात पेटवली की सुसाट वर जातो. का जातो? पुष्कळांना वाटतं, खालून निघणारा जाळ हवेला रेटतो म्हणून. तसं नाही. तळ्यात होडीत उभं राहून आपण एक जड धोंडा जोराने मागे भिरकावला, तर होडी थोडी पुढे सरकते. धोंडा कशावर आपटला याच्याशी त्याचा संबंध नाही. आपण तो फेकला, एवढंच पुरे. बाण तेच करतो. जळून तयार झालेला वायू तो खाली फेकतो आणि स्वतः वर जातो. हवेची त्याला गरज नाही, उलट अडचणच आहे.

ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात आली नव्हती. १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने रॉबर्ट गोडार्ड या शास्त्रज्ञाची अग्रलेखातून टर उडवली. जिथे हवाच नाही तिथे अग्निबाण कशाला रेटणार, हे शाळेतल्या पोरालाही कळतं, असा त्या लिखाणाचा सूर होता. गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये द्रवरूप इंधनावरचा जगातला पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंद उडाला आणि साडेबारा मीटर उंच गेला. पुढे जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना त्या वर्तमानपत्राने आपली चूक छापून दुरुस्त केली. गोडार्ड तोवर हयात नव्हते.

आपल्या देशालाही अग्निबाण नवा नाही. हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या म्हैसूरच्या फौजेत बाणदारांच्या तुकड्या होत्या. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत त्यांनी कंपनीच्या सैन्याची दाणादाण उडवली. त्या बाणांची नळी लोखंडाची होती. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीपेक्षा ती जास्त दाब सोसायची, म्हणून वायू अधिक वेगाने बाहेर पडायचा आणि बाण लांब जायचा. इंग्रजांनी ते नमुने विलायतेला नेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून स्वतःचे अग्निबाण बनवले. वायू किती वेगाने बाहेर पडतो यावर सगळं अवलंबून आहे, हे त्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक होतं. ते कागदावर मांडलं मात्र पुढे शंभरेक वर्षांनी.

ते मांडणारा माणूस मोठा विलक्षण. कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्स्की हे त्यांचं नाव. १८५७ साली रशियात जन्म. लहानपणी तापाच्या आजारात ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. शाळा सुटली. मॉस्कोच्या ग्रंथालयात बसून स्वतःच शिकले आणि पुढे कालुगा या लहान गावी शिक्षकाची नोकरी केली. १९०३ साली त्यांनी अंतराळप्रवासाचं गणित प्रसिद्ध केलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राईट बंधूंनी विमान उडवलं. विमानाने जग बदललं ते लगेच दिसलं. या बहिऱ्या मास्तरांच्या कागदाची किंमत कळायला अर्धं शतक लागलं.

विमान आणि अग्निबाण यांतला फरक इथेच लक्षात घेऊ. विमान फक्त इंधन घेऊन निघतं. ते जाळायला लागणारा प्राणवायू त्याला वाटेत हवेतून मिळत राहतो. अग्निबाणाला हवेबाहेर जायचं असतं. म्हणून प्राणवायूही त्याला घरूनच बांधून न्यावा लागतो. अग्निबाणाच्या इंजिनात एक किलो रॉकेल जाळायला साधारण अडीच किलो प्राणवायू लागतो. म्हणजे चुलीसाठी लाकडंही आपलीच आणि हवाही आपलीच.

आता एक बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. तिला अशा माळरानातून जायचं आहे, जिथे गवताची काडीही नाही. बैलांची सगळी वैरण गाडीतच भरायची. प्रवास दुप्पट लांबला, तर वैरण दुप्पट भरून भागेल का? नाही. वाढलेल्या वैरणीमुळे गाडी जड झाली, ती ओढायला आणखी बैल लागले, त्या बैलांना आणखी वैरण लागली. शेवटी अशी वेळ येते, की गाडीत माणसाला बसायला जागा नाही, सगळी वैरणच. शिदोरीतला बहुतेक घास शिदोरी वाहणाराच खातो. त्सिओल्कोव्स्कींचं समीकरण हेच सांगतं.

ते आकड्यांत असं आहे. समजा, आपलं रिकामं यान एक टनाचं आहे. इंजिनातून वायू ज्या वेगाने बाहेर पडतो, तेवढाच वेग यानाला द्यायचा असेल तर साधारण पावणेदोन टन इंधन लागेल. त्याच्या दुप्पट वेग हवा असेल, तर जवळजवळ साडेसहा टन. तिप्पट हवा असेल, तर १९ टन. चौपट, तर ५४ टन. पाचपट, तर १४७ टन. आणि दहापट वेग हवा असेल, तर २२ हजार टन! बुद्धिबळाच्या पटावर दर घराला दाणे दुप्पट करत नेणाऱ्या त्या शहाण्याची गोष्ट आपण ऐकली आहे. राजाचं कोठार रिकामं झालं, तरी पट भरला नाही. इथे तर दर घराला दुपटीहून जास्त वाढ आहे.

मग आपल्याला हवा असलेला वेग किती? पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेआठ. वर चढताना गुरुत्वाकर्षण आणि हवा यांत होणारी तूट धरली, तर सेकंदाला नऊ-साडेनऊ किलोमीटरचा खर्च. आणि वायू बाहेर पडतो तो किती वेगाने? रॉकेल आणि प्राणवायू जाळले तर सेकंदाला तीन-साडेतीन किलोमीटर. हायड्रोजन वापरला तर साडेचार. यापुढे फारसं जाता येत नाही, कारण रेणूंच्या बंधांत तेवढीच ऊर्जा साठवलेली असते. इंजिन कितीही उत्तम बनवा, जळणात जे नाही ते त्यातून निघणार नाही.

याचा परिणाम असा, की तळावर उभ्या असलेल्या अग्निबाणाच्या वजनातला साधारण नव्वद टक्के भाग इंधनच असतो. कोंबडीचं अंडं घ्या. त्याच्या कवचाचं वजन अंड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतं. अग्निबाणाच्या टाक्या, इंजिनं, नळ्या, यंत्रं आणि जायची ती माणसं हे सगळं त्या कवचाएवढ्या वजनात बसवायचं, आणि वर ते अंडं फुटता कामा नये. म्हणूनच अग्निबाण टप्प्याटप्प्यांचा करतात. रिकामा झालेला डबा पुढे वागवायचा नाही, वाटेतच टाकून द्यायचा. ही कल्पनाही त्सिओल्कोव्स्कींनी मांडली होती.

आता प्रत्यक्षातली उदाहरणं पाहू. माणसाला चंद्रावर नेणारा सॅटर्न-५ हा अग्निबाण उड्डाणाच्या वेळी सुमारे २,९०० टनांचा होता. त्याचा पहिला टप्पा अडीच मिनिटांत दोन हजार टनांहून अधिक इंधन संपवायचा. त्यातून पृथ्वीवर परत आली ती तीन माणसं बसलेली सुमारे पाच टनांची एक कुपी.

आमच्या घरी रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाला संध्याकाळी सगळे गच्चीवर जाऊन चांद शोधतात. ज्या बारीक रेघेकडे आम्ही मुलांना बोट दाखवतो, ती सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर असते. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या आपल्या अग्निबाणाचं वजन होतं ६४० टन. त्याच्या टोकाशी असलेलं चांद्रयान ३,९०० किलोंचं. २३ ऑगस्टला त्यातलं 'विक्रम' चंद्रावर उतरलं आणि त्याच्या पोटातून 'प्रज्ञान' ही गाडी बाहेर आली, ती २६ किलोंची. ६४० टन निघाले आणि चंद्राच्या मातीवर चाललं ते शाळकरी पोराच्या वजनाएवढं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. समीकरण एवढं कंजूष असताना २६ किलो पोचवले, याचंच मोल मोठं आहे.

डॉन पेटिट या अमेरिकी अंतराळवीराने २०१२ साली एक हिशेब मांडला होता. आपली पृथ्वी आहे त्याच्या दीडपट व्यासाची असती, तर जळणावर चालणाऱ्या कोणत्याही अग्निबाणाला तिच्यावरून सुटता आलं नसतं. म्हणजे आपल्या घराचं दार अगदी आपल्या उंचीएवढंच आहे. वाकून, अंग चोरून बाहेर पडता येतं, इतकंच.

मग पुढचा मार्ग काय? शास्त्रज्ञ चार वाटांनी प्रयत्न करत आहेत.

पहिली वाट सबुरीची. अपोलो-११ चार दिवसांत चंद्रावर उतरलं, चांद्रयान-३ ला चाळीस दिवस लागले, कारण आपण लहान अग्निबाण वापरून पृथ्वीभोवती फेऱ्या मारत कक्षा वाढवत नेली. मंगळयानाचंही तेच. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी उडालेल्या त्या १,३३७ किलोंच्या यानात ८५२ किलो इंधनच होतं. फेऱ्या मारत ते पृथ्वीपासून सुटलं आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरलं. याच वाटेवरची दुसरी युक्ती म्हणजे उसनवारी. मोठ्या ग्रहाजवळून नेमक्या कोनातून गेलं की त्याच्या गतीतला थोडा वाटा यानाला मिळतो, तोही इंधनाशिवाय. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर यानं अशीच गुरू आणि शनी यांच्या खांद्यावर चढून पुढे गेली.

दुसरी वाट जास्त तेज विस्तवाची. वायू अधिक वेगाने फेकता आला, तर इंधन कमी लागेल. अणुभट्टीत हायड्रोजन तापवून फेकायच्या इंजिनांच्या चाचण्या अमेरिकेने १९६० च्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात केल्या. वायूचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरपर्यंत गेला. चाचण्या यशस्वी झाल्या, पण १९७३ साली पैसा आटला आणि काम थांबलं. विजेच्या बळावर वायूचे भारित कण फेकणारी इंजिनं मात्र प्रत्यक्ष वापरात आहेत. २००७ साली निघालेल्या 'डॉन' यानाचं इंजिन सेकंदाला तीस किलोमीटरच्या वेगाने कण फेकायचं. त्याच्या बळावर ते वेस्टा आणि सेरेस अशा दोन ठिकाणी मुक्काम करू शकलं. पण त्याचा रेटा किती? तळहातावर वहीचे एक-दोन कागद ठेवले तर जेवढा भार वाटेल तेवढा. शून्यावरून ताशी ९६ किलोमीटरचा वेग घ्यायला त्याला चार दिवस लागत. जमिनीवरून उठायला असं इंजिन निरुपयोगी. एकदा वर गेल्यावर मात्र ते मुंगीच्या चिकाटीने चालत राहतं.

तिसरी वाट म्हणजे शिदोरी मुक्कामाच्या ठिकाणीच शिजवायची. पर्सिव्हिअरन्स या गाडीवरच्या एका उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून प्राणवायू तयार केला. सोळा खेपांत मिळून १२२ ग्रॅम. वजन मुठीत मावेल एवढं, पण ते तिथलं. चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचं आपल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने दाखवून दिलं आणि ते २००९ साली जाहीर झालं. पाण्याचं विघटन केलं की हायड्रोजन आणि प्राणवायू मिळतो. वैराण माळावर एखादी वैरणीची गंज सापडावी, तसं हे आहे.

चौथी वाट शिदोरीच न घेण्याची. प्रकाशालाही अगदी सूक्ष्म रेटा असतो. जपानच्या इकारोस यानाने २०१० साली पातळ पापुद्र्याचं शीड उघडून सूर्यप्रकाशावर प्रवास करून दाखवला.

या चारही वाटा सूर्याच्या अंगणातल्या आहेत. ताऱ्यांपर्यंत जायचं म्हटलं, तर काय होतं ते बघा. सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा, सव्वाचार प्रकाशवर्षं दूर. व्हॉयेजर-१ सेकंदाला सतरा किलोमीटर वेगाने जात आहे आणि जवळजवळ अर्ध्या शतकानंतर त्याचा संदेश पृथ्वीवर यायला साधारण एकच दिवस लागतो. त्याच वेगाने प्रॉक्झिमाएवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील.

आणि पोचल्यावर थांबायला नको का? आगगाडी ब्रेक दाबून थांबते. अंतराळात ब्रेक नाही. थांबायचं, तर जेवढा वेग घेतला तेवढाच उलट बाजूला वायू फेकून उतरवावा लागतो. त्याची शिदोरीही घरूनच न्यायची. आपल्या मघाच्या हिशेबात तिप्पट वेग घेण्यासाठी एक टनाच्या यानाला १९ टन इंधन पुरत होतं. तिथे जाऊन थांबायचं म्हटलं, की ते चारशे टनांवर जातं. म्हणूनच ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७० च्या दशकात 'डेडलस' नावाच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या यानाचा आराखडा केला, त्यात थांबण्याची सोयच ठेवली नव्हती. ५४ हजार टनांचं यान, त्यात ५० हजार टन इंधन, पन्नास वर्षांचा प्रवास, आणि शेवटी ताऱ्याजवळून भुर्रकन निघून जायचं. माणूस त्यात नव्हताच. २०१६ साली जाहीर झालेल्या 'ब्रेकथ्रू स्टारशॉट' या कल्पनेत तर यानाचं वजन काही ग्रॅमवर आणलं होतं. तेही तिथे थांबणार नव्हतं.

काहीजण म्हणतील, आता अग्निबाण परत येऊन उभे उतरतात, पुन्हा वापरता येतात. खरं आहे. स्पेसएक्स कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये तो पराक्रम केला आणि त्यामुळे खर्च पुष्कळ उतरला. पण त्यामुळे भाडं स्वस्त होतं, शिदोरी हलकी होत नाही. उलट परत उतरायलाही थोडं इंधन राखून ठेवावं लागतं. समीकरण जागच्या जागी आहे.

आता त्या कॉलेजातल्या मुलाकडे वळू. जगाची लोकसंख्या सध्या दररोज साधारण दोन लाखांनी वाढते. आजवर अंतराळात जाऊन आलेली माणसं सहा-सातशेच्या घरातली. पृथ्वीवरची गर्दी नुसती आहे तेवढीच ठेवायची म्हटली, तरी रोज दोन लाख माणसं उचलून न्यावी लागतील. आणि न्यायची कुठे? मंगळावरच्या हवेचा दाब आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी. बहुतेक सगळा कार्बन डायऑक्साइड. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. पृथ्वी कितीही बिघडली, तरी ती मंगळाहून राहायला सोयीचीच असेल. काही धाडसी माणसं मंगळावर जातील, जावीतही. जाणाऱ्यांची नावं इतिहासात राहतील. पण ती मोहीम असेल, स्थलांतर नसेल. मागे राहिलेल्या आठशे कोटींना आपल्या नद्या आणि आपलं हवामान इथेच सांभाळावं लागेल. मुलाला मी हेच सांगेन, आणि त्याचा उत्साह कमी न करता सांगेन.

कारण मर्यादा म्हणजे निराशा नव्हे, हे कवीला तरी पटायला हवं. गझल लिहिताना एक मात्रा वाढली की ओळ लंगडते. मग आम्ही शब्द घासतो, बदलतो, तोलतो. बंगळुरू आणि तिरुवनंतपुरमच्या प्रयोगशाळांतली माणसं ग्रॅमाचा हिशेब याच काटेकोरपणे करतात. वृत्ताने कविता थांबत नाही, तशी या समीकरणाने विद्याही थांबलेली नाही. दूरच्या प्रवासाला यंत्रं जातील, दिवसेंदिवस हलकी आणि हुशार होत जातील, आणि त्यांनी पाहिलेलं आपल्याला कळवत राहतील. माणूस जवळच्या अंगणात, चंद्रापर्यंत, कदाचित मंगळापर्यंत जाऊन येईल.

पुढच्या वेळी श्रीहरिकोट्याचं उड्डाण दूरदर्शनवर दाखवतील, तेव्हा घरातल्या मुलांना जवळ बसवा. पहिला टप्पा गळून पडताना, दुसरा पेटताना त्यांना दाखवा. आणि विचारा, "एवढं मोठं निघालं होतं, त्यातलं शेवटी पोचणार किती?" उत्तर त्यांनाच शोधू द्या. ते सापडलं, की पायाखालच्या जमिनीकडे ती मुलं वेगळ्या नजरेने पाहू लागतील, अशी माझी खात्री आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)